आधी पडायला शिका!

सेल्फ डिफेन्सचा क्लास लावायचं तुमच्याही मनात आहे? जरूर लावा! पण पंचविशी-तिशीत मॅटवर उतरताना उत्साह अठराचा असतो आणि सांधे मात्र अठ्ठावीसचे. हल्लेखोर भेटण्याआधीच हातपाय मोडून घ्यायचे नसतील, तर काय करावं आणि काय टाळावं, याचा हा अनुभवाचा (आणि थोडा दुखरा!) रिपोर्ट.

एक्स-रे रूमच्या बाहेर मी उजवं मनगट डाव्या हातात धरून बसले होते. माझा नंबर आला. आतल्या काकांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "कसं लागलं?"

"सेल्फ डिफेन्सच्या क्लासला."

काकांचं पेन थांबलं. मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "मग समोरच्याचं काय झालं?"

समोरचीला साधं खरचटलंही नव्हतं. समोर होती माझ्याच वयाची, बँकेत नोकरी करणारी, माझ्यासारखीच दोन आठवड्यांपूर्वी क्लासला आलेली मुलगी. ट्रेनरने दाखवलं तसं तिने माझं मनगट पिरगाळलं. दुखायला लागलं. ती बिचारी विचारत होती, "लागतंय का गं?" आणि मी दात आवळून सांगत होते, "नाही नाही, कर तू." कारण काय, तर आजूबाजूला पंधरा जण. आत्ता कुठे सुरुवात, आणि एवढ्यात 'आई गं' केलं तर सगळे काय म्हणतील? मग मनगटात 'कट्' झालं, आणि 'आई गं' आलंच. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात.

हाड शाबूत होतं, लिगामेंट ताणलं गेलं होतं. तीन आठवडे स्प्लिंट, डाव्या हाताने माऊस आणि घरी आंबेहळदीचा लेप. लेप लावताना आईने एकाच वाक्यात निकाल लावला, "स्वतःला वाचवायला शिकायला गेलीस आणि स्वतःलाच मोडून आलीस!"

मुळात गेले कशाला?

त्याचं असं झालं. एका रात्री काम संपवून हिंजवडीहून कॅबने घरी येत होते. साडेदहा वाजले असतील. ड्रायव्हरने नेहमीचा रस्ता सोडून गाडी आत कुठेतरी वळवली. अंधारा रस्ता, दोन्ही बाजूंना बांधकामं. तो फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. पाच-सात मिनिटांनी गाडी पुन्हा मेन रोडला लागली. पुढे ट्रॅफिक होतं म्हणून शॉर्टकट घेतला, इतकंच. मी सुखरूप घरी पोचले. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

पण त्या पाच-सात मिनिटांत मी काय केलं माहितीये? काहीच नाही. हातात फोन होता, तो लावला नाही. 'दादा, इकडून कुठे?' एवढे तीन शब्दही तोंडातून निघाले नाहीत. एरवी मीटिंगमध्ये समोरच्याला बोलू न देणारी मी! घरी आल्यावर भीतीपेक्षा राग जास्त आला. त्याचा नाही, माझा.

मग काय, दुसऱ्याच दिवशी घराजवळचा पहिला दिसलेला क्लास लावला. 'वीस दिवसांत सेल्फ डिफेन्स' अशी पाटी होती. पहिल्या दिवसापासून किक, पंच, चाकू हिसकावून घेणं, मागून मान धरली तर सोडवणं... अगदी सिनेमासारखं! वॉर्मअप म्हणाल तर हॉलला दोन चकरा. आपल्याकडे घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई', ती खरं तर त्या हॉलच्या दारावर लावायला हवी होती. पण घाई त्यांच्याइतकीच मलाही होती, हेही खरं.

महिनाभर नुसतं पडणं

स्प्लिंट निघाल्यावर माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने मला ज्युडोच्या एका सरांकडे पाठवलं. कोथरूडमधला छोटासा हॉल, जाड मॅट्स, मोठ्यांची वेगळी बॅच. नोकरदार मुली, दोन इंजिनिअर मुलं, एक आर्किटेक्ट जोडपं आणि बावन्न वर्षांच्या एक काकू. पहिल्या दिवशी मी ऐटीत विचारलं, "सर, मनगट धरलं तर कसं सोडवायचं?"

सर म्हणाले, "आधी खाली बस. आता मागे पड."

आणि पुढचा महिनाभर आम्ही पडलोच! आधी उकिडवं बसून मागे, मग गुडघ्यांवरून बाजूला, मग उभ्याने. जपानीत याला 'उकेमी' म्हणतात. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोत 'कोदोकान' ही ज्युडोची शाळा सुरू केली. आजही जगभर ज्युडोचा श्रीगणेशा पडण्यापासूनच होतो.

पडायला काय शिकायचं? असं मलाही वाटलं होतं. पण तोल गेला की आपण सगळे एकच गोष्ट करतो, हात पुढे टेकवतो. सगळं वजन एका तळहातावर येतं आणि मनगट, कोपर, खांदा, नाहीतर गळ्याचं हाड, यांपैकी कुणीतरी बळी पडतं. स्कूटरवरून पडलेल्यांना विचारा! उकेमीत हात टेकवायचा नाही, आपटायचा. म्हणजे अख्खा हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत, शरीरापासून थोडा लांब, मॅटवर फट्कन मारायचा. त्यामुळे दणका एका जागी न बसता पसरतो. पडताना श्वास सोडायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हनुवटी छातीकडे ओढून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीला लागत नाही.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटत असेल तर जपानचंच उदाहरण घ्या. १९८३ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत तिथल्या शाळांमध्ये ज्युडो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. बऱ्याच जणांच्या डोक्याला मार लागला होता, आणि त्यातले कितीतरी नुकतेच शिकायला लागलेले होते. ज्या देशाने ज्युडो जगाला दिला, तिथली ही गोष्ट! पडता येण्याआधीच मुलांना पाडलं जात होतं. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत मार्शल आर्ट्स सक्तीचे झाले, तेव्हा याच आकड्यांवरून पालकांनी आणि अभ्यासकांनी सुरक्षिततेचा प्रश्न लावून धरला होता.

आपल्याकडच्या तालमींनाही हे शहाणपण नवं नाही. कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते, आणि कुस्ती धरण्याआधी पैलवान फावडं घेऊन ती खणतो. आधी पडायची जागा तयार करायची, मग पाडापाडी.

काकूंनी तर क्लास लावलाच मुळात यासाठी. "अगं, मला कोण पळवून नेणारे?" त्या हसत हसत म्हणाल्या. "पण बाथरूममध्ये पाय घसरला तर? आमच्या वयात हाडं ठिसूळ होतात. मी आधी डॉक्टरांना विचारून आले आणि सरांना सांगितलं, मला कुणी उचलून आपटायचं नाही. बाकी सगळं शिकवा." त्यांचं पडणं आमच्या बॅचमध्ये सगळ्यात सुबक आहे! आणि माझं म्हणाल, तर जुलैत सोसायटीच्या ओल्या फरशीवर मी सपशेल आडवी झाले. लॅपटॉपची बॅग एकीकडे, चप्पल दुसरीकडे. पण हनुवटी आत होती आणि हात आपटलेला होता. मुका मार बसला, त्याहून जास्त काही नाही. वॉचमनदादा धावत आले, तर मी खाली बसून चक्क हसत होते.

दोन थापांची ताकद

पडण्यानंतरचा धडा त्याहून सोपा. निदान दिसायला!

पकड दुखायला लागली, श्वास अडकला किंवा नुसतं घाबरायला झालं, तरी हाताने दोनदा थोपटायचं. जोडीदाराच्या अंगावर, नाहीतर मॅटवर. याला म्हणतात 'टॅप'. हात अडकले असतील तर पाय आपटा, नाहीतर तोंडाने 'बास' म्हणा. टॅप झाला की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. "एक मिनिट, जमतंय बघ" असलं काही चालत नाही. कानोंनी ज्युडोची जी दोन तत्त्वं सांगितली, त्यातलं एक 'जिता क्योएई', म्हणजे तुझं आणि माझं, दोघांचं भलं. जोडीदाराचा हात ही तुम्हाला शिकण्यासाठी दिलेली उसनी वस्तू आहे, असं आमचे सर सांगतात. नेली तशी परत करायची.

ऐकायला किती सोपं आहे ना? मला जमेना! पहिल्या आठवड्यात सरांनी मला तीनदा टोकलं. "तुझा चेहरा सांगतोय दुखतंय, हात का सांगत नाही?" मी म्हटलं, "सर, अजून सहन होत होतं." ते म्हणाले, "इथे सहन करायला आलीस का?"

हे वाक्य मी घरी घेऊन गेले. कारण खरं सांगू? सहन करायचं ट्रेनिंग आपलं लहानपणापासून चालू असतं. पाहुण्यांसमोर रडायचं नाही, बसमध्ये कुणी रेलून उभं राहिलं तर आपणच सरकायचं, बॉसचा जोक आवडला नाही तरी हसायचं. मुलांचंही वेगळं नाही. त्यांना 'मर्द को दर्द नहीं होता'चा डोस मिळालेला असतो. आमच्या बॅचमधल्या एका इंजिनिअरने टॅप करायला उशीर केला आणि कोपर दीड महिना धरून बसला. आणि सांध्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. गुडघा पिरगाळणाऱ्या काही पकडींमध्ये नीट दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून टॅप दुखल्यावर करायचा नाही, दुखणार असं कळल्यावर करायचा.

ऑफिसवालं शरीर

आता थोडं आपल्या खुर्चीबद्दल. दिवसाचे नऊ-दहा तास आपण कीबोर्डपुढे. खांदे पुढे झुकलेले, मान बाहेर आलेली, मांड्यांचे स्नायू आखडलेले. अशा शरीराला संध्याकाळी सात वाजता 'मार किक!' म्हटलं तर ते उसण भरवूनच उत्तर देणार. फिजिओ मैत्रिणीने मला चार गोष्टी बजावल्या. तुम्हालाही सांगते.

एक, वॉर्मअपला किमान दहा-पंधरा मिनिटं. जागच्या जागी धावणं, हात-खांदे-कंबर गोल फिरवणं, लंजेस, बैठका. म्हणजे हलता व्यायाम. एकाच स्थितीत ताण देऊन थांबायचं स्ट्रेचिंग क्लास संपल्यावर.

दोन, स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन्स आणि सांधे जोडणारी लिगामेंट्स यांना जास्त वेळ लागतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपल्याला वाटतं, आता मी फिट! आणि तिथेच घात होतो. आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस क्लास पुरे. मधल्या दिवशी शरीराला दुरुस्तीला वेळ द्या.

तीन, मुलींनी गुडघ्यांकडे खास लक्ष द्यायचं. एकच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींची तुलना केली, तर गुडघ्यातलं 'एसीएल' हे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये काही पटींनी जास्त दिसतं. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. मांड्या आणि नितंबांचे स्नायू बळकट करायचे. जोर-बैठकांतल्या बैठका इथे कामाला येतात.

चार, मूठ जपून! सरावाशिवाय मूठ वळून कडक जागी मारली, तर करंगळीच्या मुळाशी तळहातातलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात, पण होतो तो बहुधा बॉक्सर नसलेल्यांनाच! नवख्यांसाठी तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग जास्त भरवशाचा. मूठ वळायचीच असेल, तर अंगठा बाहेर आणि मनगट सरळ.

आणि हे सगळं 'आपल्याला काय होतंय' म्हणून उडवून लावणार असाल, तर ब्रूस लीला आठवा. १९७० साली, एकोणतीस वर्षांचा असताना, वॉर्मअप न करता खांद्यावर वजन घेऊन पुढे वाकायचा व्यायाम त्याने केला आणि पाठीला जबर दुखापत करून घेतली. पुन्हा किक मारणं विसर, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. कित्येक महिने तो अंथरुणावर होता. पुढे तो उठला, 'एंटर द ड्रॅगन'ही केला, पण पाठीने त्याची पाठ सोडली नाही. ब्रूस लीची ही गत, तिथे आपण रोज लिफ्टने पहिल्या मजल्यावर जाणारे!

दुखणं कुठलं आणि दुखापत कुठली?

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना मांड्या बोंबलतात. घाबरू नका. व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही बाजूंचे स्नायू सारखेच ठणकत असतील, आणि हलल्यावर बरं वाटत असेल, तर ते नव्या कामाचं दुखणं.

पण एकाच जागी टोचल्यासारखं दुखतंय, सांधा सुजलाय, बोटांना मुंग्या येताहेत, पायावर चार पावलंही टाकता येत नाहीत, सांध्याचा आकारच वेगळा दिसतोय, तर लेप नको, डॉक्टर. डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी, चक्कर, गोंधळल्यासारखं वाटणं, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही झालं, तर ताबडतोब हॉस्पिटल. यातलं काही नसेल, पण नुसतं 'ठीक वाटत नाहीये', तरी त्या दिवशी परत मॅटवर जायचं नाही.

बर्फाचं काय? 'आराम, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं' हा फॉर्म्युला अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडला आणि जगभर चालला. पुढे खुद्द मर्किन यांनीच आपलं मत बदललं. बर्फाने ठणका कमी होतो, पण जास्त वापरला तर भरून येणं लांबू शकतं, असं ते सांगू लागले. म्हणून पहिल्या काही तासांत दुखणं कमी करण्यापुरता बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. आणि पूर्ण विश्रांतीच्या नावाखाली महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हा हळूहळू हालचाल सुरू करायची. मी मनगट जपण्याच्या नादात खांदाही अवघडून घेतला होता!

क्लास लावण्याआधी हे विचारा

- पहिला महिना काय शिकवणार? उत्तरात 'पडणं' आणि 'टॅप' नसेल तर थँक यू म्हणून निघा.
- मॅट कशा आहेत? फरशीवर अंथरलेल्या सतरंजीला मॅट म्हणत नाहीत. मॅट रोज पुसतात का, हेही विचारा. गजकर्ण असंच एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातं.
- नवीन आणि जुन्यांची बॅच वेगळी आहे का? निदान जोड्या लावताना वजन आणि अनुभव बघतात का?
- कुणी पकड सोडली नाही, तर सर काय करतात? एक दिवस नुसतं बसून क्लास बघा, उत्तर आपोआप मिळेल.
- फर्स्ट एड बॉक्स कुठे आहे, आणि तो वापरता येणारं कुणी आहे का?
- तुमचं जुनं दुखणं (स्लिप डिस्क, दमा, बीपी, निखळलेला खांदा) विचारलं का? नसेल विचारलं, तर तुम्ही सांगा. प्रेग्नंट असाल तर पाडापाडीचे प्रकार थेट बंद.
- आणि घरून निघताना नखं कापा. कानातलं, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. माझ्या मैत्रिणीची कानाची पाळी डुलात अडकून फाटली होती, म्हणून सांगतेय.

वीस दिवसांत काय होतं?

आता लाखमोलाचा प्रश्न. एवढं करून खरंच कुणाला वाचवता येतं का स्वतःला?

वीस दिवसांत चाकू हिसकावता येत नाही. आमचे सर तर म्हणतात, "चाकू दिसला तर पाकीट द्या आणि पळा. पळायची प्रॅक्टिस मात्र रोज करा." पण शिकण्याने काहीच होत नाही, असंही नाही. कॅनडात मानसशास्त्रज्ञ चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांमधल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींबरोबर एक अभ्यास केला. तो २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. निम्म्या मुलींना तीन-तीन तासांचे चार वर्ग दिले, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, वर्ग केलेल्या गटात ५.२ टक्के. जवळजवळ निम्मं!

त्या बारा तासांत लाथाबुक्क्यांचा वाटा थोडाच होता. बाकी वेळ कशावर? धोका लवकर ओळखणं, आणि ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणताना मनात जो संकोच येतो, त्यावर मात करणं. कारण हल्ला करणारा बऱ्याचदा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस नसतो, ओळखीतलाच असतो.

हे वाचलं तेव्हा मला माझं मनगट आठवलं. समोर हल्लेखोर नव्हता, मैत्रीणच होती. ती विचारतही होती. तरी मला 'बास' म्हणता आलं नाही. मग विचारणार नाही, अशा माणसाला मी काय सांगणार होते?

एक साधा प्रसंग सांगते. एक सीनियर, स्क्रीन बघायच्या निमित्ताने मागे येऊन खांद्यावर हात ठेवून उभे राहायचे. वर्षभर मी खुर्ची पुढे सरकवत होते. क्लासचे चार महिने झाले असतील. त्या दिवशी त्यांचा हात पडला आणि मी मान वळवून म्हटलं, "सर, हात काढा." ओरडले नाही, हसलेही नाही. सरांच्या भाषेत सांगायचं तर टॅप केला. त्यांनी हात काढला. बाजूच्या टेबलावर दोन सेकंद शांतता. मग सगळे आपापल्या कामाला. माझे हात मात्र टेबलाखाली दहा मिनिटं थरथरत होते. हे इतक्यावर संपलं नसतं, तर ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची माझी तयारी होती. पण मनगट पिरगाळायची वेळ आली नाही, आणि तसली वेळ येऊच नये, हेच तर शिकायचं असतं.

जाता जाता कायद्याचंही सांगते, कारण क्लासमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांमध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. मात्र बचावापुरतं गरजेचं असेल तेवढंच बळ, हे कलम ३७ बजावतं. तो पळून गेल्यावर मागे धावून मारलं, तर तो बचाव होत नाही. सुटलात की गर्दीकडे धावा आणि ११२ फिरवा.

नवी जोडीदार

गेल्या आठवड्यात बॅचला एक नवी मुलगी आली. तेवीस-चोवीसची, पहिलाच जॉब, नवी कोरी ट्रॅकपँट. सरांनी तिला माझ्याबरोबर जोडीला दिलं. पडणं तिने छान उचललं. मग मनगटाची पकड आली. मी अगदी हळू पिरगाळत नेलं. तिचे ओठ आवळले गेले, डोळे बारीक झाले, पण हात गप्प.

मी थांबले. "लागतंय?"

"नाही ताई, करा तुम्ही."

मी हात सोडला. तिला खाली बसवलं आणि माझ्या मनगटाची गोष्ट सांगितली, एक्स-रेवाल्या काकांसकट. ती हसली. मग आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. मी पकड घेतली, थोडंसंच वळवलं, आणि तिने माझ्या दंडावर दोनदा थाप मारली. इतकी जोरात, की अजून दंड लाल आहे!

मग, तुम्ही कधी येताय? नखं तेवढी कापून या.